बिलात 'मिक्सर आर्मेचर' लिहिणाऱ्या मामांना

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही 'चहा सांगू काय?' म्हणून विषय मोडता. म्हणून हे सगळ्यांदेखत आणि लेखी. नात मोबाइलवर वाचून दाखवील. तिला बजावून ठेवलंय की तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळायचा नाही. आभार त्याच भागाचे आहेत.

ज्यांना मामा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खानापुरात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मलप्रभेच्या काठच्या ऊसवाल्यांचे पंप, गिरणीच्या मोटारी, पंखे, मिक्सर, जे जळेल ते तिथं येतं. मामा घरात कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हट्टी मोटारीशी दोन्ही. मी सुतार. आमच्या शेडमध्ये दारं, चौकटी, देव्हारे होतात. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात मी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार बनवतो. आपल्याकडे तिला हवाइयन गिटार म्हणतात, तिकडचे लोक लॅप स्टील म्हणतात.

या गिटारीला पडदे नसतात, जागा दाखवणाऱ्या नुसत्या रेघा असतात. तारा पट्टीपासून चांगल्या उंच, कारण त्या दाबायच्याच नसतात. डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने छेडायचं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. आपल्या कानाला ही मींड ओळखीची आहे. ब्रिजभूषण काबरांनी याच परक्या वाद्यावर अख्खे राग मांडले. आमच्या घरात मात्र ती रेडिओतून आली. दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी मिनिटं भरायला सिनेमाच्या चालींच्या तबकड्या लागायच्या. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं मला नंतर कळली. सूर आधी कानात बसला होता.

लाकडाचं माझं मला जमतं. हवाईत कोआ नावाचं लाकूड वापरतात, ते बाभळीच्या गोतातलं. मी फणस वापरतो. दक्षिणेत वीणा आणि मृदंग फणसाचेच करतात आणि आपल्या तालुक्यात फणसाला तोटा नाही. पट्टीला जुन्या पलंगांचं शिसव मिळतं. रेघांचाही हिशेब सोपा आहे. तारेची लांबी २२.५ इंच धरली तर तिला १७.८१७ ने भागायचं, तेवढ्या अंतरावर पहिली रेघ. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागलं की दुसरी. असं करत बारावी रेघ बरोबर मध्यावर, सव्वाअकरा इंचांवर यायला हवी. दांडा बेळगावात उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतो. स्टेनलेसचा, पाऊण इंच जाड, तीन इंच लांब, वजनाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. पॉलिश मात्र मीच करतो, कारण लेथवरच्या बारीक रेघा नखाला लागल्या नाहीत तरी तारेला लागतात आणि खरखर ऐकू येते.

अडत होतं ते पिकअपवर. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो फेरे. स्वस्तातले आणले तर आवाज वाढवला की शिट्टी मारतात. चांगले परदेशातून मागवले तर जकात धरून एका पिकअपच्या पैशात चौकटीचं लाकूड येतं. ज्या ज्या ठिकाणी विचारलं तिथं लोक एकतर हसले, नाहीतर 'ते इथं होत नाही' म्हणाले. तुम्ही मी आणलेला जळका पिकअप हातात घेऊन उलटासुलटा पाहिलात आणि विचारलंत, "ह्यात फिरतंय काय?"

मी म्हटलं, काही फिरत नाही, वरची तार थरथरते.

"मग डायनमोच की. चाक नाही, एवढंच."

मामा, त्या दिवसापर्यंत मी पिकअपबद्दल जे काही वाचलं होतं ते सगळं या एका वाक्यात बसत होतं. पोलादी तार चुंबकाच्या टापूत हलली की कॉइलमध्ये वीज उमटते. बाकी सगळा तपशील. आणि तपशील तर तुमचा रोजचा धंदा.

तेव्हा मी तुम्हाला या वाद्याची गोष्ट सांगितली होती. दुकानात कोणीतरी पंप घेऊन आला आणि ती अर्धी राहिली, म्हणून उरलेली इथं सांगतो. गिटार हवाई बेटांवर पोचली ती १८३० च्या दशकात, गुरं सांभाळायला आणलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर. ओआहू बेटावर लाइए नावाचं गाव आहे. तिथला १८७४ साली जन्मलेला जोसेफ केकुकू पोरवयातच तारांवर पोलादाचा तुकडा सरकवायला लागला आणि पुढं त्याच वादनावर अमेरिका, युरोप फिरला. त्याच सुमारास होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक माणूस असंच वाजवायचा आणि तो मूळचा भारतातला होता, असंही काही जुन्या आठवणींत सांगितलं जातं. एवढं ऐकल्यावर तुम्ही मांडीवर थाप मारून "मग आपलाच की!" म्हणालात. असेलही. पण मी मान केकुकूलाच देतो. सुचणं एक आणि जन्मभर त्याचा रियाज करून ते जगाला ऐकवणं वेगळं. पुढं १९४० च्या दशकात ताऊ मो हा हवाइयन वादक आपल्या कुटुंबासह कोलकात्यात राहिला. त्या शहरात या गिटारीने जे मूळ धरलं ते आजही टिकून आहे. आपल्यापर्यंत ती तिथून आणि मुंबईच्या सिनेमातून आली.

तुमच्या कामाचा भाग यापुढचा. जगात बाजारात चाललेली पहिली विजेची गिटार ही उभी धरायची नव्हती, मांडीवरचीच होती. अमेरिकेत हवाइयन संगीताची लाट होती, पण मोठ्या हॉलमध्ये गिटार ऐकू जात नव्हती. १९३१ साली जॉर्ज बोशॅम्पने नालेच्या आकाराची दोन चुंबकं तारांवरून कमानीसारखी बसवून खाली कॉइल ठेवली. पुढच्या वर्षी रिकनबॅकरच्या कारखान्यातून ओतीव अ‍ॅल्युमिनियमची गोल बुडाची गिटार बाहेर पडली. लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. अ‍ॅल्युमिनियमची खोड अशी की स्टेजच्या दिव्यांनी तापलं की फुगतं आणि तारा उतरतात. उद्यमबागेत ओतकाम करून घेणं मला अवघड नाही, तरी मी लाकडालाच चिकटून आहे ते त्यामुळं.

नालेच्या चुंबकाचं चित्र दाखवल्यावर तुम्ही माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढलात. हाताने फिरवायच्या जुन्या टेलिफोनच्या मॅग्नेटोतल्या नाला त्यात होत्या. चुंबकपणा निम्मा उतरलेला. त्या तुम्ही चार्ज करून दिल्यात आणि वर म्हणालात, "चालतंय काय बघ, नाही चाललं तर डब्यात परत." चाललं. त्या नालांवरची गिटार मी विकणार नाही. कोणी कितीही मागितली तरी.

आता तारेचं. माझ्याजवळच्या अमेरिकन माहितीत '४२ गेज' (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) लिहिलं होतं आणि मी तसं बोललो. दुसऱ्या दुकानदाराने ४२ ची रीळ काढून दिली असती आणि पैसे घेतले असते. तुम्ही विचारलंत, "कुठलं बेचाळीस? त्यांचं की आपलं?" मग भिंतीवरचा तक्ता काढून दाखवलात. आपल्या बाजारात वाइंडिंगची तार ब्रिटिश गेजवर विकली जाते, तिच्यातली ४२ नंबरची तार ०.१० मिलिमीटर जाड असते. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३. आपल्याकडं तिच्या सगळ्यात जवळची ४६ नंबर, ०.०६१ ची. फरक कागदावर लहान दिसतो, पण त्याच बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या रिकाम्या साच्यावर, जाड तारेचे एक तृतीयांशाहून थोडेच जास्त फेरे बसले असते आणि आवाज मेला असता. पिकअप बनवणाऱ्या आपल्याकडच्या होतकरू पोरांनी हे वाक्य कुठंतरी लिहून ठेवावं.

४६ नंबर तुमच्या दुकानात नव्हती, असण्याचं कारणही नाही. पंपाच्या मोटारीला ती कोण घालणार? बेळगावहून रीळ मागवलीत. आणि मग खरी अडचण आली. तुमचं फेरे मोजायचं मशीन पंख्याच्या कॉइलला उत्तम, पण ही तार श्वास लागला तरी तुटते. तुमच्या बोटांचा दाब तिला सोसत नव्हता. तुम्ही तुटलेलं टोक हातात घेऊन आत हाक मारलीत.

म्हणजे हे पत्र मामींनाही आहे. मिक्सरचे आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तार गुंडाळलेला फिरता भाग, त्याच भरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांनाही नसावं, काउंटरवर तुम्ही असता. मामींनी नमद्याचे दोन तुकडे चिमटीत धरून मधून तार सोडली आणि मशीनच्या दांड्याला हळूहळू वेग दिला. टीव्हीवरची मालिका चालू होती. आठ हजार फेरे म्हणजे एक किलोमीटरहून जास्त तार, आणि सगळी मिळून वजनाला जेमतेम तीस ग्रॅम. तारेचा विरोध मीटरवर सात किलो-ओहमच्या आसपास दिसला, म्हणजे मध्ये कुठं तुटलेलं नाही. मामींनी विचारलं, आणखी भरू काय? फेरे वाढवले की आवाज दणकट होतो पण वरची धार जाते, कमी केले की धार राहते आणि अंग जातं. स्टीलच्या दांड्याखाली तारेचा सूर आधीच तीक्ष्ण असतो, म्हणून मला थोडं अंग हवं होतं. हे मी तांत्रिक भाषेत सांगत बसलो. मामी म्हणाल्या, "म्हणजे जरा जास्तीच भर." आणि भरले.

शिट्टीचा बंदोबस्तही तुमच्याच धंद्यातून निघाला. मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो, कारण आतले सैल फेरे स्वतःच थरथरायला लागतात. तुम्ही म्हणालात, "वायर सैल राह्यली की मोटारबी ओरडत्या. तुझं बी तेच हाय." मोटारीला तुम्ही वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजता. मला वाटलं तसंच करायचं असेल. पण तुम्ही नको म्हणालात: वार्निश एकदा बसलं की कॉइल उघडता येत नाही, उद्या बिघडली तर फेकायची काय? मेण वापर. चार भाग मेणबत्तीचं आणि एक भाग पोळ्याचं, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर कधी नाही, पेट घेतं. कॉइलमधून बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायची. परदेशातले कारागीरही याच प्रमाणात मेण घालतात हे मी नंतर वाचलं. तुम्ही वाचलेलं नव्हतं. दुरुस्त होईल असंच बनवायचं, हा तुमचा हट्ट तुम्हाला तिथं घेऊन गेला.

आणि अर्थिंग. मला वाटतं सगळ्यात मोठं ऋण याचंच आहे, कारण हे काम माझ्या गिटारीचं नव्हतंच.

पिकअप तयार झाला, गिटार जोडली आणि अँप्लिफायरमधून एकसारखी गुणगुण. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पेटीवर लावून बघितलं तर ही गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर पडते. सुरात असती तर तानपुरा समजून चालवून घेतली असती, पण ती बरोबर त्रास होईल एवढीच वर आहे. मी पिकअपला दोष देत होतो, पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावत होतो. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "शेडला अर्थिंग हाय काय?" अर्थिंग नावाची तार होती. ती भिंतीत कुठं जाते हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी तुम्ही सायकलवर पहार आणि जीआय पाइप बांधून आलात. अंगणात पारिजातकाच्या पलीकडं खड्डा काढलात, मी माती उपसत होतो. पाइप उभा करून कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर दिलेत. आई तुम्हाला विचारत होती की मीठ कोणतं, जाडं चालतं काय, आणि तुम्ही तिला गंभीरपणे सांगत होतात की जाडंच लागतं. वर पाणी ओतायला लावलंत. मग तार ओढून बोर्डापर्यंत आणलीत, प्रत्येक मशीनला जोडलीत, आमच्या रंद्याच्या मशीनलाही. तेव्हा म्हणालात, "गिटारचं राहू दे, ह्या मशीनला हात लावताना तुझ्या बापाला झटका बसला असता." गिटारीच्या ब्रिजवरून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरून, एक तार जमिनीला दिलीत ती शेवटी. गुणगुण बरीचशी बसली. उन्हाळ्यात खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं हे आई देवपूजेच्या नेमाने करते.

उरलेली गुणगुण एकाच कॉइलच्या पिकअपचा स्वभाव आहे, ती आसपासच्या तारांतून हवेतून येते. हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही चहाच्या बशीत बोटाने दोन गोल काढलेत. एक कॉइल सुलटी भरायची, दुसरी उलटी; बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरणार, मग एकमेकीला मारेल. मग थांबलात आणि स्वतःच म्हणालात, "पण मग सूरबी मरणार." क्षणभराने: "मग दुसरीचं मॅग्नेटबी उलटं कर. सूर दोनदा उलटला की सुलटा झाला." मामा, गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या माणसाने नेमक्या याच रचनेच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला होता. मला ते माहीत होतं आणि मी त्याबद्दल विचारायलाच आलो होतो. पण तुम्ही बशीवर बोट फिरवायला लागल्यावर मी गप्प बसलो. माझ्या आजवरच्या शिक्षणात इतका चांगला तास दुसरा झालेला नाही.

बिलाचं सांगायलाच हवं. तुमच्या बिलबुकात पिकअपला रकाना नाही. तुम्ही लिहिलंत: 'मिक्सर आर्मेचर, लहान, १ नग'. तार वजनावर, मजुरी मिक्सरच्या दराने. अर्थिंगच्या दिवसाचं काहीच लावलं नाहीत, पाइपचे पैसेसुद्धा मी आठवण करून दिल्यावर घेतलेत. मला फुकट नको होतं आणि तुम्ही फुकट दिलंही नाहीत. हे मला फार बरं वाटतं. फुकट दिलं असतं तर तो छंदाला दिलेला आशीर्वाद झाला असता. तुम्ही दर लावला म्हणजे ते काम झालं.

त्याच कारणाने, तुम्ही मला थांबवलंत त्याचेही आभार. मार्च ते मे तुमच्या दारात जळलेल्या मोटारींची रांग असते. उभा ऊस वाळत असतो, शेतकरी पायरीवर बसलेला असतो. त्या दिवसांत माझी बॉबिन कपाटावर पडून राहायची. एकदा मी जरा घाई केली तर तुम्ही पायरीवरच्या माणसाकडं नुसतं बघितलंत. मला तुम्ही ना कलाकार म्हणून पुढं घेतलंत, ना रिकामटेकडा म्हणून मागं ढकललंत. आपल्या भागात या दोन्हींची सवय फार आहे. रांगेत जो नंबर होता तो दिलात.

तुमच्या-मामींच्या हातच्या कॉइल आता कुठं कुठं वाजतात तेही कळवतो. एक गिटार गोव्यात चर्चमध्ये वाजते. एक सांगलीतल्या भजनी मंडळात आहे, तिथले बुवा पेटीबरोबर अभंग वाजवतात आणि मींड जरा जास्तच घेतात, पण ती त्यांची हौस. बेळगावातल्या एका निवृत्त मास्तरांनी घेतली ती रोज संध्याकाळी गॅलरीत बसून जुन्या सिनेगीतांसाठी. त्यांच्या पिकअपला तीन पावसाळे झाले, एकही तक्रार नाही.

आता पुढचं. आठ तारांची एक गिटार हातात घेतलीय. बॉबिन लांब होणार, दोन कॉइल, एक उलटी. चुंबकं आली की सगळं एकदमच घेऊन येतो, पण पावसाळा सुरू झाल्यावर, पंपवाल्यांची गर्दी ओसरल्यावर. ४६ नंबरची रीळ संपत आलीय असं मामी म्हणत होत्या. ती तुम्ही मागवताय की मी बेळगावला जाईन तेव्हा आणू, एवढं नातीकरवी कळवा. आणि या खेपेला बॉबिनच्या दोन्ही कडा मी फायबरच्या कापून आणतो, मागच्या लाकडी कडेवर तार अडकायची असं मामींनी दोनदा सांगितलं होतं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
शेडमधला गिटारवाला सुतार
खानापूर